धावपट्टी संपते तिथे : औरंगाबाद १९९३ ते कोझिकोड २०२०

१/ परभणीहून जिंतूरकडे जाणारा रस्ता आमच्या झरीवरून जातो. हंगाम सुरू झाला की या रस्त्यावर कापसाची वाहने दिसू लागतात. काही ताडपत्रीखाली सुटा कापूस दाबून नेणारी, तर काही जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या गठाणी रचून नेणारी. गठाणींनी भरलेला एखादा उंच ट्रक दिसला, की घरातील वडीलधारी मंडळी हमखास म्हणत, "औरंगाबादेत अशाच ट्रकला विमान धडकलं होतं."

२/ कित्येक वर्षे मला ते वाक्य निव्वळ गावगप्प वाटत आले. विमान आकाशात, ट्रक जमिनीवर. दोघांची गाठ पडावी कशी? पुढे इतिहासाचा अभ्यास करू लागल्यावर ध्यानात आले, की ती गप्प अक्षरशः खरी होती. माझ्या जन्माच्या काही वर्षे आधी, मराठवाड्यातच हे घडले होते. आजचा थ्रेड त्या अपघाताविषयी आणि अशा प्रसंगी 'चूक कुणाची' हे आपण कसे ठरवतो, त्याविषयी आहे.

३/ २६ एप्रिल १९९३, सोमवार. इंडियन एअरलाइन्सचे आयसी-४९१ हे बोइंग ७३७ विमान दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर असे थांबे घेत औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळावर आले होते. पुढचा आणि शेवटचा टप्पा मुंबई. विमानात ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. दुपारी एक वाजून गेल्यानंतर, भर उन्हात विमान पूर्वेच्या दिशेने धावू लागले.

४/ विमानाने जमीन सोडली ती जवळजवळ धावपट्टीच्या टोकाला. धावपट्टीच्या पलीकडे सार्वजनिक रस्ता होता, बीड रस्ता. त्या क्षणी प्रेस केलेल्या कापसाच्या गठाणी घेऊन एक ट्रक तेथून उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला होता. विमानाचे डाव्या बाजूचे मुख्य चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर ही धडक झाली.

५/ जखमी विमान आणखी काही अंतर उडत राहिले. धावपट्टीपासून सुमारे तीन किलोमीटरवर, ईशान्येस, ते उच्च दाबाच्या वीजतारांना अडकले आणि जमिनीवर आदळले. ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले, ६३ वाचले. दोन्ही वैमानिक वाचलेल्यांमध्ये होते. म्हणजे कॉकपिटमध्ये काय घडले, हे सांगायला माणसे जिवंत होती. अशा अपघातांत हे क्वचितच घडते.

६/ चौकशी झाली. तिच्या निष्कर्षात दोन कारणे शेजारी-शेजारी बसवलेली आहेत. पहिले, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास केलेला उशीर आणि ते उचलण्याची चुकीची पद्धत. दुसरे, उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश. लोकांच्या स्मरणात बहुधा पहिलेच कारण उरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्यापाशी थांबले पाहिजे.

७/ आधी पहिले कारण समजून घेऊ. उड्डाणापूर्वी वैमानिक काही वेग ठरवून घेतात. एक वेग असा, की तो ओलांडल्यावर उड्डाण रद्द करता येत नाही, कारण थांबायला पट्टी पुरणार नाही. दुसरा वेग नाक उचलण्याचा. हे आकडे विमानाचे वजन, तापमान, वारा, विमानतळाची उंची आणि पट्टीची लांबी यांवरून दर उड्डाणाला नव्याने काढावे लागतात. सकाळच्या उड्डाणाचा आकडा दुपारी चालत नाही.

८/ मराठवाड्यातील एप्रिलची दुपार कशी असते, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना मिळणारा उठाव घटतो आणि इंजिनाचा जोरही कमी होतो. म्हणून तेच विमान, तेवढेच ओझे घेऊन, उन्हाळ्यात अधिक लांब धावते. त्यात विमान भरलेले. अशा वेळी नाक उचलण्यात गेलेला प्रत्येक सेकंद पट्टीचा मोठा तुकडा गिळून टाकतो.

९/ वैमानिकांची चूक नाकारण्याचे कारण नाही. चौकशीनेच ती नोंदवली आहे. पण एक साधा प्रश्न विचारून पाहा. विमान उशिरा उठले, पण उठले होते. त्या क्षणी रस्त्यावर ट्रक नसता, तर? रस्ता मोकळा ठेवण्याचे काम वैमानिकांचे नव्हते. ट्रकचालकाचेही नव्हते. तो सार्वजनिक रस्त्यावरून माल घेऊन निघाला होता, इतकेच.

१०/ रेल्वेरूळ ओलांडणाऱ्या रस्त्यावर फाटक असते, फाटकवाला असतो, आणि गाडी येण्याआधी फाटक पडते. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की फाटक उघडे राहून अपघात झाला तर 'ट्रकवाला मधे आला' एवढे म्हणून कुणी थांबत नाही. फाटकाचे काय झाले, हाच पहिला प्रश्न येतो. विमानतळाच्या टोकाशी असलेल्या रस्त्याबाबत मात्र तो आपल्याला सुचत नाही.

११/ अशी फाटके जगात नव्हती असेही नाही. जिब्राल्टरला जागा इतकी अपुरी, की शहराचा मुख्य रस्ता थेट धावपट्टीच ओलांडून जात असे. विमान येताना-जाताना दोन्ही बाजूंनी वाहतूक थांबवली जाई. २०२३ मध्ये बोगद्याचा रस्ता खुला होईपर्यंत मोटारी अशाच ये-जा करीत होत्या. रस्ता आणि धावपट्टी शेजारी असणे हा धोका आहे खरा. पण तो कुणाच्या तरी हाती सोपवलेला असेल, तर आवाक्यात राहतो.

१२/ औरंगाबादेत नेमके हेच सुटले. विमानतळाची हद्द संपते तिथे विमानतळाची सत्ता संपते. रस्त्यावरची वाहतूक दुसऱ्या खात्यांकडे. विमानाला मात्र ही हद्द ठाऊक नसते. त्याचा मार्ग दोन्ही हद्दींवरून जातो. जिथे एकाची जबाबदारी संपते आणि दुसऱ्याची अजून सुरू झालेली नसते, ती जागा सर्वांत धोक्याची. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढे कॉकपिटमध्येही ते भेटणार आहे.

१३/ आता त्याच वर्षाच्या जानेवारीत जाऊ. १९९२ च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप पुकारला होता. सेवा चालू ठेवण्यासाठी परदेशी विमाने त्यांच्या वैमानिकांसह भाड्याने घेण्यात आली. व्यवसायात याला 'वेट लीज' म्हणतात. आपल्याकडे ट्रॅक्टर चालकासह भाड्याने आणतात, तसाच हा प्रकार. यात उझबेकिस्तानची तुपोलेव टीयू-१५४ विमानेही आली.

१४/ ९ जानेवारी १९९३ रोजी हैदराबादहून दिल्लीला आलेले असेच एक विमान अंधूक हवेत उतरताना धावपट्टीच्या उजव्या कडेबाहेर टेकले, जमिनीवरील काही बांधकामांना धडकले, उलटले आणि पेटले. तरीही विमानातील सर्वच्या सर्व १६५ जण वाचले. हवाई वाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. साताऱ्याच्या कण्हेरखेडमधून उगवलेल्या शिंदे घराण्यातील हा मंत्री, एकही बळी गेलेला नसताना पायउतार झाला.

१५/ अशा वेळी 'परदेशी वैमानिक आणले म्हणून असे झाले' ही प्रतिक्रिया सहज उमटते. इतिहास मात्र तिला फारसा आधार देत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवले, हे सगळ्यांना ठाऊक असते. तेच टपाल जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेणारा वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, ब्रिटिश हवाई दलात मुरलेला होता. भारतीय नागरी विमानसेवेच्या पहिल्याच दिवशी कॉकपिटमध्ये परदेशी माणूस होता.

१६/ मग परदेशी आणि देशी माणसे एकत्र काम करतात तेव्हा खरी अडचण कुठे येते? एक उत्तर भाषा. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर, धुक्यात, डच केएलएमचे जम्बो विमान धावपट्टीवरच अमेरिकन पॅन अॅमच्या जम्बोवर आदळले. ५८३ बळी, विमान अपघातांच्या इतिहासातील सर्वांत मोठी संख्या. डच विमानातून रेडिओवर गेलेल्या एका मोडक्या इंग्रजी वाक्याचे दोन अर्थ निघत होते : 'आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत' किंवा 'आम्ही उड्डाण करीत आहोत'.

१७/ टेनेरीफचे दुसरे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे आहे. डच विमानातील फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. समोरचे विमान पट्टीवरून हटले आहे ना, असे त्याने विचारलेही. कॅप्टन हा कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. त्याने ठामपणे होकार दिला आणि विषय संपला. एकाच देशाची, एकच भाषा बोलणारी माणसे होती ती. तरीही कनिष्ठाची शंका ज्येष्ठाच्या खात्रीपुढे विरून गेली.

१८/ या आणि अशाच अन्य अपघातांतून 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' ही प्रशिक्षणपद्धती जन्माला आली. १९७९ मध्ये 'नासा'ने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि पुढे विमानकंपन्यांनी हे प्रशिक्षण सुरू केले. तिचे सार सोपे आहे. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत बोलायची, ज्येष्ठाने ती ऐकून घ्यायची, आणि कॉकपिटमधील मान वयाला वा हुद्द्याला नव्हे, माहितीला द्यायचा. सोपे आहे म्हणून ते अंगी बाणवणे सोपे आहे असे मात्र नाही.

१९/ भारताला भाषेचा धडा १२ नोव्हेंबर १९९६ रोजी मिळाला. हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग आणि कझाकस्तानचे इल्यूशिन आकाशात एकमेकांवर आदळले. ३४९ जण गेले. कझाक विमान १५,००० फुटांवर थांबायचे असताना त्याखाली आले होते. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा, विमान चालवणारे वेगळे. सूचना ज्याच्या कानी पडत होती, त्याच्या हाती विमान नव्हते.

२०/ न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर विमानांना टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. पुढे २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिक आणि नियंत्रकांना इंग्रजीची ठरावीक पातळी गाठणे बंधनकारक झाले. भाषेची भिंत अशी बरीचशी खाली आली. पण भाषा नीट कळूनही बोलणे ऐकले गेले नाही, तर?

२१/ २२ मे २०१०, मंगळूर. दुबईहून येणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान. कॅप्टन सर्बियाचा, अत्यंत अनुभवी, सहवैमानिक भारतीय. नव्या शतकात भारतात विमानकंपन्या झपाट्याने वाढल्या, वैमानिक कमी पडले, आणि असे मिश्र कॉकपिट नेहमीचे झाले होते. डोंगरमाथ्यावरील पट्टीकडे विमान फार उंचावरून, नेमून दिलेल्या मार्गाच्या वर राहून येत होते. विमान जमिनीला टेकले तेव्हा सुमारे ८,००० फुटांच्या पट्टीपैकी ५,२०० फूट मागे पडले होते. विमान टोकावरून दरीत गेले. १६६ जणांपैकी ८ वाचले.

२२/ या अपघाताची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे माजी उपप्रमुख. अहवालातील नोंदी वाचताना अंगावर काटा येतो. प्रवासात कॅप्टन दीर्घकाळ झोपला होता. झोपेतून उठल्यावरची मंदावलेली बुद्धी हेही एक कारण मानले गेले. आणि सहवैमानिकाने तीन वेळा 'गो-अराउंड' म्हटले होते. उतरणे सोडा, पुन्हा वर चला, असा त्याचा अर्थ. यंत्रही वारंवार इशारे देत होते.

२३/ तीन वेळा सांगूनही त्याने नियंत्रण स्वतःच्या हाती का घेतले नाही? अहवालाने याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधले नाही. सहवैमानिकाला तसा अधिकार केव्हा आहे, याविषयीच्या सूचनाच संदिग्ध होत्या, असे त्याने नमूद केले. म्हणजे पुन्हा तीच जागा : एकाचा अधिकार संपत नाही, दुसऱ्याचा सुरू होत नाही. औरंगाबादेत ही जागा बीड रस्त्यावर होती. मंगळुरात ती दोन आसनांच्या मधल्या हातभर अंतरात होती.

२४/ जमिनीवरच्या गोष्टीही अहवालातून सुटल्या नाहीत. मंगळूरचे रडार त्या दिवसांत बंद होते. त्यामुळे विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली. पट्टीच्या टोकापलीकडे यंत्रणेसाठी उभारलेल्या काँक्रीटच्या बांधकामाला पंख धडकला. अशी बांधकामे धडकताच मोडून पडणारी असावीत, हा जगभर मान्य असलेला संकेत आहे. 'परदेशी कॅप्टनची चूक' या तीन शब्दांत यातले काहीच मावत नाही.

२५/ आणि ज्याला अजूनही सारा दोष परदेशीपणाचा वाटतो, त्याने ७ ऑगस्ट २०२० आठवावा. टाळेबंदीत अडकलेल्या भारतीयांना दुबईहून आणणारे विमान, कोझिकोड, भर पाऊस. कॅप्टन दीपक साठे मूळचे नागपूरचे, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेले, हवाई दलातील नामांकित वैमानिक. दोन्ही वैमानिक भारतीय. अनुकूल दिशेऐवजी पाठीमागून वारा घेत उतरलेले विमान जवळपास निम्मी पट्टी संपल्यावर टेकले आणि टोकापलीकडे कोसळून दुभंगले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

२६/ इथेही सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटले होते, असे चौकशी अहवाल सांगतो. कॅप्टनसमोरील काचेचा वायपर नीट चालत नव्हता, हेही तो सांगतो. आणि यंत्रणेतील त्रुटींनाही त्याने अपघाताच्या कारणांत जागा दिली आहे. निष्णात, निष्ठावान, देशी कॅप्टन. तरीही दहा वर्षांपूर्वीच्या मंगळूरची घटना जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा घडली. राष्ट्रीयत्व बदलले, कॉकपिटमधील उतरंड तीच राहिली.

२७/ विमान अपघाताच्या चौकशीचा हेतू दोष वाटणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. भारतात अपघात तपासाची स्वतंत्र यंत्रणा २०१२ मध्ये, मंगळूरनंतर, उभी राहिली. त्या आधी उड्डाणांचे नियमन करणाऱ्या संचालनालयाकडे किंवा त्या-त्या वेळी नेमलेल्या न्यायालयाकडे हे काम असे. नियमन करणाऱ्यानेच तपास केला, तर स्वतःच्या चुका तो किती शोधणार? म्हणून हा बदल कागदावरचा असला तरी मोठा आहे.

२८/ शेवटी एक प्रश्न आपल्या प्रदेशाविषयी. औरंगाबादचा अपघात मराठवाड्याच्या सार्वजनिक स्मृतीत इतका पुसट का? एक कारण मला दिसते. पाचच महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीची जमीन हादरली आणि हजारो माणसे गाडली गेली. त्या दुःखापुढे ५५ मृत्यू मागे पडले, यात नवल नाही. वर्षाचे नाव घेतले की आजही किल्लारीच आठवते.

२९/ पण झरीसारख्या गावांत तो अपघात एका वाक्यापुरता जिवंत राहिला, आणि त्या वाक्यात ट्रक होता. मोठ्या इतिहासाने वैमानिक लक्षात ठेवला. कापूस पिकवणाऱ्यांनी गठाणींचा ट्रक लक्षात ठेवला, कारण तो आपला होता. दोन्ही स्मृती एकत्र ठेवल्याशिवाय अहवालातले दुसरे कारण दिसत नाही. तोंडी इतिहास का जपावा, याचे याहून साधे उदाहरण माझ्यापाशी नाही.

३०/ पुढच्या वेळी एखाद्या अपघाताची बातमी येईल आणि तासाभरात 'वैमानिकाची चूक' असा निवाडा फिरू लागेल, तेव्हा दोन प्रश्न विचारा. धावपट्टी संपते तिथे पलीकडे काय होते, आणि ते कुणाच्या ताब्यात होते? शेजारच्या आसनावरील माणूस काय म्हणत होता, आणि ते ऐकले जाईल अशी व्यवस्था होती का? चूक माणूसच करतो. पण ती चूक रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत पोहोचू द्यायची की नाही, हे फाटक ठरवते.

३१/ थ्रेड इथे संपतो. संभाजीनगर, जालना, बीड, परभणीकडील वाचकांना एक विनंती : तुमच्या घरी २६ एप्रिल १९९३ ची काही आठवण असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ज्या पिढीने ती दुपार पाहिली, ती आता थकत चालली आहे.